वही बुडवणारे, वही ठेवणारे

नगर जिल्ह्याच्या खेड्यांत बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणून हाक मारते. हाक इतकी रुळलेली आहे की तिच्यातला मूळ अर्थ आता कुणाच्या लक्षात येत नाही. कारभारी म्हणजे मालक नव्हे. शेत, बैल, देणंघेणं त्याच्या हातात असतं, पण ते सगळं घराचं असतं. त्यानं ते सांभाळायचं, वाढवायचं आणि कुणी विचारलं तर सांगायचं, एवढंच.

पेशवाईत हा शब्द जास्त वजनदार होता आणि त्याचा सगळ्यात मोठा प्रयोग ज्याच्यावर झाला त्या माणसाचा शेवट आमच्या कोपरगावात झाला. १७७४ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, अजून न जन्मलेल्या मुलाच्या नावानं राज्य चालवायला घेतलं आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना बाजूला सारलं. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा गोदावरीकाठी कोपरगावला येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये इथेच वारले. राज्य आपलंच आहे असं मानणारा हरला, ते दुसऱ्याच्या वतीनं सांभाळतो आहोत असं म्हणणारे जिंकले. त्या कारभाऱ्यांनी पुढे मोठ्या झालेल्या मालकाच्या हाती कितपत सत्ता दिली, हा वेगळा प्रश्न. पण तोही या शब्दातच दडलेला आहे. कारभारी फार दिवस कारभार पाहू लागला की त्याला आपण मालक आहोत असं वाटू लागतं.

मराठी बायबलात नेमका हाच शब्द आहे. येशूच्या दृष्टान्तांत धनी दूर जातो, मालमत्ता चाकरांच्या हाती सोपवतो आणि परत आल्यावर हिशेब मागतो. ख्रिस्ती माणसानं पैशाकडे कसं पाहावं याची सगळी शिकवण या एका चित्रावर उभी आहे. पैसा, जमीन, अंगातली कला, वेळ, यातलं काहीच तुझं नाही. तू त्याचा कारभारी आहेस. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे मला हे ॲडमिनसारखं वाटतं. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे, पण एकही फाइल त्याची नाही आणि त्यानं कधी काय उघडलं याची नोंद कुठेतरी होत असते.

ही शिकवण एरवी सुखवस्तू लोकांना दिली जाते. तुमच्याकडे जास्तीचं आहे, ते देवाचं समजून वापरा. पण नगर जिल्ह्यात ती आली तेव्हा ज्यांच्यापुढे आली त्यांच्याकडे जास्तीचं तर सोडाच, पुरेसंही नव्हतं. शिवाय ती सांगणारे स्वतः सातासमुद्रापलीकडच्या दुसऱ्या कुणाच्या पैशावर जगत होते. त्यामुळे इथे तिचा अर्थ वेगळा झाला. 'किती द्यावं' यापेक्षा 'हिशेब कुणी कुणाला द्यायचा' हा प्रश्न मोठा ठरला.

इंद्रायणीतली खतं

आधी हे पाहायला हवं की ही शिकवण कोणत्या जमिनीत पडली. मनमाडहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. कोपरगाव सोडून गाडी नगरकडे निघाली की वाटेत राहुरी लागतं. राहुरी तालुक्यातलं ताहाराबाद हे महिपतींचं गाव. 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' लिहिणारे हे संतचरित्रकार पेशानं कुलकर्णी होते, म्हणजे गावाच्या दप्तराचे आणि जमाखर्चाचे धनी. परंपरा सांगते की त्यांनी वतनाची लेखणी खाली ठेवली आणि संतांची चरित्रं लिहायला घेतली.

महिपतींनी तुकोबांची जी कथा घराघरांत पोचवली तिच्यातही वह्या आहेत. तुकोबांचं घराणं महाजनाचं, दुकानदारीचं आणि सावकारीचं. दुष्काळानंतर वैराग्य आलं तेव्हा त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या रकमेची खतं काढली. आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली. पैशाच्या बाबतीत मराठी मनाचा आदर्श इथे ठरला. थोर माणूस हिशेब ठेवत नाही, तो हिशेब संपवतो.

कोपरगाव तालुक्यात त्या काळी मोडणाऱ्या शिर्डीतही हेच दिसतं. साईबाबा भक्तांकडून दक्षिणा मागून घेत आणि दिवस मावळेपर्यंत वाटून मोकळे होत, असं श्रीसाईसच्चरितात सांगितलेलं आहे. पैसा हातातून वाहत गेला पाहिजे, थांबता कामा नये.

साध्या रयतेला वही बुडवण्याची चैन नव्हती, कारण वही तिच्या हातात नव्हती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण लगेच नगर जिल्ह्यात आलं. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले आणि १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच आला. दंग्यांचं वैशिष्ट्य असं की माणसं मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर लोकांचा भर होता. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही कळत होतं की आपला फास त्या कागदात आहे.

थोडक्यात, इथे वही म्हणजे एकतर मोह, नाहीतर जुलूम. संतानं ती बुडवायची, रयतेनं ती जाळायची. आता यात एक तिसरी गोष्ट आली, की वही ठेवणं हेच धर्माचं काम आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर एक लबाड कारभारी आहे. नोकरी जाणार हे कळल्यावर तो धन्याच्या ऋणकोंना बोलावतो आणि त्यांच्या खतांवरचे आकडे कमी करून घेतो. धनी त्याच्यावर चिडत नाही, उलट त्याच्या हुशारीचं कौतुक करतो. या दृष्टान्ताचा अर्थ लावताना पंडितांची आजही दमछाक होते. पण सावकाराच्या वहीखाली दबलेल्या नगरच्या माणसाला तो समजावून सांगायची गरज पडली नसावी.

बलुतं आणि दशमांश

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ च्या अखेरीस नगरला आले. १८४२ मध्ये नगरहूनच 'ज्ञानोदय' सुरू झालं. सुरुवातीला ख्रिस्ती झालेल्यांत काही ब्राह्मण होते, पण खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजातून.

या माणसांचं गावातलं आर्थिक स्थान काय होतं? महाराला वतन होतं, थोडी इनाम जमीन होती आणि सुगीला खळ्यावर बलुतं मिळे. त्या बदल्यात येसकरकी, सांगावे पोचवणं, सरकारी माणसांची सरबराई, मेलेली जनावरं ओढणं, अशी न संपणारी कामं होती. बलुतं हा हक्क होता, पण तो घ्यायचा मात्र हात पसरून, दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून. गावगाड्याच्या व्यवस्थेत देणारा कोण आणि घेणारा कोण हे जन्माआधीच ठरलेलं होतं.

बाप्तिस्मा घेतल्यावर हे एकदम बदललं नाही. अनेकांच्या बाबतीत फक्त उंबरा बदलला. गावचा पाटील जाऊन तिथे मिशनचा बंगला आला. शाळेतला शिक्षक, उपदेशक, बायबलबाई, सगळ्यांचा पगार मिशनकडून. मिशनचा साहेब हा मायबाप झाला. मिशनरींनाही हे कळत होतं आणि बोस्टनच्या मुख्य कार्यालयाला तर ते फारच सलत होतं.

या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचं तत्त्व पुढे जगभरच्या मिशन-इतिहासात गाजलं. स्थानिक मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा. त्यांच्या भेटीच्याच काळात नगरला हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. परदेशी पैशावर इंग्रजी शाळा चालवण्यापेक्षा मराठीतून, खेड्यात, कमी खर्चात काम करा, असा अँडरसन यांचा आग्रह होता.

खर्च स्वतः उचलायचा म्हणजे मंडळीनं द्यायला हवं. म्हणून दशमांश आला. मिळकतीचा दहावा भाग देवाचा. मिशनच्या पगारावर असलेल्यांनी पगारातून, शेतमजुरी करणाऱ्यांनी धान्यातून, कोंबडीअंड्यांतून. अमेरिकेत ही शिकवण व्यापारी आणि शेतकरी ऐकत होते. इथे ती ऐकणाऱ्याच्या घरात दहा पायल्या ज्वारी वर्षभर टिकत नव्हती.

आजच्या नजरेनं पाहिलं तर हे क्रूर वाटू शकतं. ज्यांना द्यायला हवं त्यांच्याकडूनच मागायचं! पण त्या माणसांच्या बाजूनं पाहिलं तर दुसरी गोष्टही दिसते. पिढ्यान्‌पिढ्या जो हात फक्त पसरायला शिकला, तो पहिल्यांदा काहीतरी ठेवायला पुढे येत होता. त्याची नोंद होत होती. नावापुढे रक्कम लिहिली जात होती. सावकाराच्या वहीत ज्याचं नाव फक्त देणेकरी म्हणून होतं, त्याचं नाव आता देणारा म्हणून एका वहीत आलं. कारभारी होण्यासाठी आधी काहीतरी तुमच्यावर सोपवलेलं असावं लागतं. 'तुझ्याजवळ जे आहे त्याचा हिशेब देव तुलाच विचारणार आहे' हे वाक्य श्रीमंताला धमकीसारखं ऐकू येतं. ज्याला कुणीच कधी काही विचारलं नव्हतं, त्याला ते मान दिल्यासारखं ऐकू येऊ शकतं.

याची खूण आजही मराठी मंडळ्यांच्या सुगीच्या सणात दिसते. लोक पिकातलं पहिलं आणतात. कणसं, भोपळे, ऊस, कोंबडी, एखादं अंडं. उपासना झाली की लिलाव सुरू होतो. दहा रुपयांचा भोपळा बोली लागत लागत कुठल्या कुठे जातो. घेणारा तो तिथेच परत अर्पण करतो आणि पुन्हा बोली सुरू होते. बाजाराच्या हिशेबात हा वेडेपणा आहे. पण ज्यांच्या आजोबांना गावच्या लिलावात बोली लावायला कुणी उभं केलं नसतं, त्यांच्यासाठी मोठ्यानं आकडा पुकारण्याचं सुख वेगळं असणार.

बोस्टनची वही

तरीही या सगळ्यात एक मोठी फट होती.

मिशनरी स्वतःही कारभारीच होते आणि बहुतेक प्रामाणिक कारभारी होते. अमेरिकन बोर्डाचा पैसा काही धनाढ्यांच्या तिजोरीतून येत नव्हता. त्याचा मोठा भाग छोट्या गावांतल्या मंडळ्या, स्त्रियांच्या संस्था आणि रविवारच्या शाळेतली मुलं यांच्याकडून येत होता. 'मिशनरी हेरल्ड' या बोर्डाच्या मासिकात देणग्यांच्या याद्या गावांच्या नावांसह छापल्या जात. कुणी किती दिलं हे कुणालाही पाहता येई. हिशेब चोख होता.

पण तो हिशेब बोस्टनला जात होता. नगरच्या माणसानं दिलेल्या आण्यांचा हिशेब मिशनकडे जाई. मिशनच्या हजारो रुपयांचा हिशेब मात्र नगरच्या माणसाकडे येत नसे. जमिनी कुठे घ्यायच्या, शाळा कुठली चालवायची, कुणाला किती पगार द्यायचा, हे निर्णय दीर्घकाळ मिशनरींच्याच सभेत होत. गरिबाला त्याच्या ज्वारीचा कारभारी केलं, पण ज्या मोठ्या मालमत्तेभोवती त्याचं आयुष्य फिरत होतं तिच्या कारभारात त्याला जागा नव्हती. स्वावलंबन शिकवणाऱ्यांच्या हातात किल्ल्या राहिल्या आणि स्वावलंबन शिकणाऱ्यांच्या हातात वर्गणीची पावती आली.

दुष्काळांनी हे अंतर आणखी वाढवलं. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. मुंबईत जन्मलेले आणि आयुष्यभर नगरला राहिलेले रॉबर्ट ह्यूम यांच्यामार्फत अमेरिकेतून आलेली मोठी मदत वाटली गेली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्रानं वाचकांकडून पैसे आणि धान्य गोळा केलं. १९०० मध्ये 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं. हजारो जीव वाचले. अनाथ मुलांनी मिशनची आवारं भरून गेली. पण त्याबरोबर अवलंबनही वाढलं. जेवू घालणाऱ्याला वही दाखव म्हणणं सोपं नसतं.

याच मुलांच्या निमित्तानं डी. सी. चर्चिल नावाचा एक इंजिनियर मिशनरी नगरला आला. द्यायचं तर आधी कमवायला हवं, हे त्याला दिसलं. त्यानं हातमाग सुधारला, विणकराला कमी श्रमात जास्त कापड काढता येईल असा माग तयार केला. दशमांशावरच्या अनेक प्रवचनांपेक्षा या एका लाकडी यंत्रात कारभारीपणाची समज जास्त होती, असं मला वाटतं. दहाव्या हिश्शाची चर्चा करण्याआधी उरलेल्या नऊ हिश्शांत माणूस जगू शकतो का, हे पाहायला हवं.

दानानं उपाशी मेलेलं घर

याच काळात, नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला दौंडजवळच्या केडगावात, एक बाई या प्रश्नाला वेगळ्या बाजूनं भिडत होती.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. पैसा मिळाला तो त्यांनी तीर्थयात्रा, ब्राह्मणभोजनं आणि दानधर्म यांत घातला. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज, पुराण सांगून मिळेना. कुटुंबानं होतं नव्हतं ते विकलं आणि त्यातलंही देवाला आणि ब्राह्मणांना दिलं, कारण त्यानं देव प्रसन्न होईल अशी श्रद्धा होती. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण. विशीही न गाठलेली रमा आणि तिचा भाऊ उरले. १८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी हे सगळं लिहून काढलं. त्या वेळी त्या मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागातून मुली आणि बायका सोडवून आणत होत्या. आपण काय पाहिलं आहे म्हणून हे करतो, हे त्यांना सांगायचं होतं.

म्हणजे दान या गोष्टीचं कौतुक रमाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. दान करून घर कसं संपतं हे त्यांनी पाहिलं होतं. पुण्याच्या आशेनं हात मोकळे सोडणं आणि सोपवलेलं सांभाळणं यातला फरक त्यांना पोटानं कळला होता.

त्यांच्या शारदा सदनाला सुरुवातीला आधार होता तो अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या या संस्थेनं दहा वर्षांसाठी मदतीचं वचन दिलं होतं. पैशाबरोबर अटही होती, सदनात धर्मप्रसार करायचा नाही. त्यावरून पुण्यात काय वादळ झालं ते सर्वांना माहीत आहे. दहा वर्षं सरत आली तेव्हा रमाबाईंवर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा प्रभाव होता. म्युलर यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली, कुणाकडे कधी पैसे मागितले नाहीत आणि आलेल्या पै-पैचा अहवाल दरवर्षी छापला. रमाबाईंनीही ठरवलं की आता बांधील वर्गणीवर अवलंबून राहायचं नाही.

पण त्या नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली. मुक्तीमध्ये शेती होती, माग होते, तेलाची घाणी होती, छापखाना होता. १९०० नंतर तिथे सुमारे दोन हजार बायका-मुली राहत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच काही ना काही काम शिकत होत्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही तिथल्याच बायकांनी जुळवलं आणि छापलं.

वडिलांनी सगळं देवाला देऊन टाकलं. मुलीनं सगळं देवाचं मानून कामाला लावलं. दोघांची श्रद्धा सारखीच कडवी होती. फरक होता तो वहीचा.

टिळक पगार सोडतात

राहुरीत मिशनच्या आवारात एक जोडपं राहत होतं. त्यांच्या संसारात हे दोन्ही स्वभाव एकाच घरात नांदत होते.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या आधारानं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या आणि १९०० मध्ये राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही सांगायला नको की टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. पाहुणे, अनाथ मुलं, कवी, अडलेले, सगळ्यांना त्या घराचं दार उघडं होतं. बालकवी ठोंबरेही नगरला त्यांच्याकडे राहिले. टिळक वाटून मोकळे होत. उद्याची चूल कशी पेटेल हे लक्ष्मीबाई पाहत. त्या घरात 'कारभारी' कोण, याचं उत्तर गावच्या रिवाजाप्रमाणे नवरा असं असेल, पण कारभार बाईच्या हातात होता.

टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यामुळे खतं बुडवणाऱ्याचं रक्त त्यांच्यात होतं. पण ते मिशनचे पगारी माणूस होते आणि हे त्यांना वर्षानुवर्षं खुपत होतं. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक होते. परकी मंडळींनी आमचे मायबाप होऊ नये, भाऊ व्हावं, ही त्यांची तळमळ होती. पगार घेणारा उपदेशक हिंदू शेजाऱ्याला पोटार्थी दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं. ज्या मुलखात साधूची पारख त्याच्या हातात पैसा आहे की नाही यावरून होते, तिथे पगारपत्रकावर सही करून वैराग्य सांगता येत नाही.

१९१७ मध्ये त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि मिशनच्या पगाराशी नातं तोडलं. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. जेमतेम दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत ते वारले.

टिळकांच्या या पावलाकडे भावनेच्या भरात केलेला त्याग म्हणून पाहता येतं आणि लक्ष्मीबाईंच्या बाजूनं पाहिलं तर रागही येतो. संन्यास एकानं घ्यायचा आणि त्याची किंमत घरानं द्यायची, ही जुनीच गोष्ट आहे. तुकोबांच्या आवलीलाही ती माहीत होती. पण मला त्यात हिशेबाचाच एक प्रश्न दिसतो. टिळक वही बुडवत होते ती स्वतःच्या येण्याची नव्हती, ती मिशनच्या आणि त्यांच्या नात्याची होती. मी तुमचा नोकर राहिलो तर हिशेब तुम्हाला द्यावा लागेल. मला तो माझ्या लोकांना आणि माझ्या देवाला द्यायचा आहे. जी गोष्ट अँडरसन १८५४ मध्ये बोस्टनहून येऊन सांगून गेले, तीच टिळकांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन केली. फरक एवढाच की पहिली गोष्ट मिशननं ठरवली होती आणि दुसरी मिशनशिवाय ठरली.

टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्यातच ख्रिस्त सेवा संघ काढला. आश्रमासारखं, साधं, सामायिक मालकीचं जीवन. आणि महिपतींनी लिहिलेलं तुकोबांचं चरित्र इंग्रजीत कुणी आणलं? याच अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी. वही ठेवणाऱ्यांना वही बुडवणाऱ्याचं आकर्षण शेवटपर्यंत वाटत राहिलं.

विश्वस्त

आता 'कारभारी' शब्दाची कायद्यातली जागा 'विश्वस्त' या शब्दानं घेतली आहे. गांधीजींनी तो अर्थशास्त्रात आणला. आत्मकथेत ते सांगतात की विश्वस्त या शब्दाचा अर्थ गीतेतल्या अपरिग्रहामुळे आणि इंग्रजी कायद्याच्या अभ्यासामुळे त्यांना उमगला. करोडोंची मालमत्ता सांभाळत असूनही त्यातली एक पै आपली न मानणारा तो विश्वस्त. ख्रिस्ती दृष्टान्तातला कारभारी आणि हा विश्वस्त यांचं नातं जवळचं आहे.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परतले. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. १९७० मध्ये नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, तयार झाली. ज्या किल्ल्या शंभर वर्षं हाती आल्या नव्हत्या त्या आल्या. बंगले, शाळा, दवाखाने, शहराच्या मध्यावरच्या जमिनी. महाराष्ट्रात ठिकठिकाणी या जमिनींवरून वाद झाले, आजही चालू आहेत. विश्वस्त कोण, विक्रीची परवानगी कुणी दिली, पैसे कुठे गेले. ख्रिस्ती मंडळीत हे बोलताना आवाज खाली येतो.

याचा दोष एखाद्या पिढीच्या लोभावर टाकणं सोपं आहे. पण इतिहास थोडा वेगळा आहे. शंभर वर्षं मंडळीला द्यायला शिकवलं गेलं, पण हिशेब विचारायला शिकवलं गेलं नाही. वर्गणीची सवय लागली, ताळेबंद वाचायची लागली नाही. मोठी मालमत्ता आली ती वारशासारखी, घाम गाळून उभी केलेल्या वस्तूसारखी नाही. जो लिलावात भोपळ्यासाठी खिसा रिकामा करतो, तोच माणूस वार्षिक सभेत जमिनीच्या व्यवहाराबद्दल गप्प बसतो. त्याला वाटतं, ती मोठ्या लोकांची वही आहे.

याच जिल्ह्यात याच्या उलटा एक प्रयोग झाला. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी आयुष्य नगरच्या दुष्काळी पट्ट्यात घालवलं. १९९० च्या दशकात जर्मन मदतीनं त्यांनी पाणलोटाचं काम उभं केलं, १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था निघाली. पैसा पुन्हा परदेशीच होता. पण गावानं आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतः पाळायची आणि मग गावच्या पाणलोट समितीच्या खात्यावर पैसा यायचा. खर्चाचा हिशेब गावासमोर. कोपरगावला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत डोंगर पुन्हा हिरवे झाले. गावकरी बहुतेक हिंदू होते आणि तिथे धर्माचं नावही नव्हतं. तरी कारभारीपणाच्या शिकवणीचा इतका पुरा अर्थ जिल्ह्यातल्या फार थोड्या मंडळ्यांत उतरला असेल. जमीन आपली, पाणी आपलं, पैसा दुसऱ्याचा आणि वही चावडीत उघडी.

दृष्टान्तातला धनी दूरदेशी गेलेला आहे आणि तो परत येईल तेव्हा हिशेब मागेल, ही श्रद्धा ज्याची त्यानं ठेवावी. पण धनी येईपर्यंत हिशेब मागायचा हक्क कुणाचा, हे ठरवावंच लागतं. नगरच्या ख्रिस्ती इतिहासात तो हक्क आधी बोस्टनचा होता, मग विश्वस्त मंडळांचा झाला. सुगीच्या सणाला पहिलं कणीस घेऊन येणाऱ्या बाईचा तो अजून व्हायचा आहे. तिच्या हातात पावती आहे. वही मागायला तिनं हात पुढे केला तर त्याला कुणी हात पसरणं म्हणू नये.